मैदान आणि न्यायासन

शाळेंत क्रीडेस कितपत स्थान असावें हा वाद आतां बराच जुना झाला आहे; परंतु तो मिटला आहे असें मात्र म्हणवत नाहीं. एका पक्षाचे पालक मुलाच्या हातीं चेंडू दिसतांच त्याचें आयुष्य फुकट गेलें असें मानतात, व परीक्षेच्या महिन्यांत मैदानाकडे पाहण्याचीही त्यास मनाई करितात. दुसऱ्या पक्षाचे लोक, विशेषतः २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग व २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून, असें म्हणूं लागले आहेत कीं, मुलाच्या अंगीं खेळ असेल तर पुस्तकाचा आग्रह कशास? एका लिलावांत जें द्रव्य मिळतें तें जन्मभर कारकुनी करूनही मिळावयाचें नाहीं. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात खरे. तथापि मुळांत दोघांचा सिद्धांत एकच आहे. तो हा कीं, खेळ व विद्या हीं दोन निराळीं घरें असून मनुष्यास त्यांपैकीं एकांतच राहतां येतें. आमच्या मतें हा सिद्धांतच खोटा आहे. आणि तो खोटा कसा, हें नुसत्या तर्कानें सिद्ध करीत बसण्यापेक्षां एका खऱ्या मनुष्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें अधिक सोयीचें होईल.

तो मनुष्य म्हणजे अमेरिकेंतील ॲलन पेज. ते ज्या खेळांत नांवारूपास आले त्यास तिकडे फुटबॉल असेंच म्हणतात. परंतु आपल्या मैदानावरील फुटबॉलाशीं त्याचें फारसें नातें नाहीं. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात. चढाई करणाऱ्या बाजूस दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार वेळां संधि मिळते. तेवढ्यांत न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. व्यावसायिक संघांत चढाईचे गडी निराळे व बचावाचे निराळे. पेज हे बचावाच्या पुढल्या फळीच्या मध्यभागीं उभे राहत. समोरच्या धिप्पाड गड्यांची भिंत फोडून आंत शिरणें, आणि चेंडू फेंकणाऱ्यास तो फेंकण्यापूर्वींच खालीं पाडणें, किंवा चेंडू घेऊन धांवणाऱ्यास जागच्या जागीं थोपविणें हें त्यांचें काम. हुतुतूंतील पकड ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या कामाची थोडीबहुत कल्पना येईल. गुण मिळविणाऱ्याच्या नांवानें टाळ्या वाजतात. गुण मिळूं न देणाऱ्याचें नांव मात्र दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत शोधावें लागतें.

पेज यांचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो या संस्थानांत, कँटन शहरीं, ७ ऑगस्ट १९४५ रोजीं झाला. कँटन हें पोलादाच्या कारखान्यांचें गांव. व्यावसायिक फुटबॉलाची जी मोठी राष्ट्रीय संघटना तिकडे आहे, तिचा पायाही १९२० सालीं याच गांवीं घातला गेला. तेथील अनेक कृष्णवर्णीय मुलांच्या कपाळीं कारखान्यांतील मजुरी जणुं जन्मतःच लिहिलेली असे. पेज यांच्या घरीं संपत्ति नव्हती. पण मुलांनीं शिकावें, आणि जें काम हातीं घ्यावें तें उत्तम करावें, असा आईबापांचा दंडक होता. पेज तेरा वर्षांचे असतां आई निवर्तली. दंडक मात्र मागें राहिला. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानें वेगळ्या ठेवणें घटनाविरुद्ध ठरविलें, तेव्हां ते आठ वर्षांचे होते. कायद्याच्या बळावर माणसाचें जिणें पालटतां येतें, हा ठसा त्या निकालानें त्यांच्या मनावर उमटविला. पुढें टेलिव्हिजनवर पेरी मेसन नांवाच्या काल्पनिक वकिलाच्या कथा पाहून त्या ओढीस आणखी खतपाणी मिळालें. सारांश, वकील व्हावें ही इच्छा फुटबॉलाच्या गोडीपेक्षां वयानें वडील होती.

कॅथॉलिक हायस्कुलांतून १९६३ सालीं ते बाहेर पडले व नोटर डेम या ख्रिस्ती विद्यापीठांत गेले. १९६६ सालीं त्या विद्यापीठाच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, त्यांत पेज होते. आणि १९६७ सालीं त्यांनीं राज्यशास्त्र हा विषय घेऊन पदवीही मिळविली. त्याच वर्षीं मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघानें त्यांस पहिल्या फेरींत निवडलें. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन व पेज या चौघांच्या फळीची दहशत अशी कीं, संघाच्या जांभळ्या पोषाखावरून लोक त्यांस विनोदानें ‘जांभळे नरभक्षक’ म्हणत. १९७१ सालीं पेज यांस वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गौरविण्यांत आलें. हा मान बचावाच्या गड्यास तोंवर कधींच मिळाला नव्हता, आणि पुढल्या अर्धशतकांतही तो बचावाच्या आणखी एकाच गड्यास, १९८६ सालीं लॉरेन्स टेलर यांस, मिळाला. पंधरा हंगामांत पेज २१८ सामने खेळले व एकही सामना चुकला नाहीं. अर्थात् यशाला अपयशाची जोडही होतीच. त्यांचा संघ चार वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि चारही वेळां हरला. कीर्ति मैदानावर किती अळवावरचें पाणी असते हें शिकावयास याहून चांगली शाळा ती कोणती?

परंतु पेज यांच्या मनास खरा धक्का जो बसला तो पराजयाचा नव्हे. त्यांनीं स्वतः सांगितलेला एक प्रसंग असा आहे. खेळाचे डाव व आंखणी लिहिलेली एक वही प्रत्येक गड्यास दिलेली असे. एकदां बैठकींत ती वही मोठ्यानें वाचावयाचें काम निघालें, आणि तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांच्या सोबत्यांपैकीं कांहींजणांस ती वाचतांच येत नव्हती. हीं माणसें अरण्यांतून धरून आणलेलीं नव्हतीं. तीं प्राथमिक शाळेंत बसलीं होतीं, हायस्कुलांतून उत्तीर्ण झालीं होतीं, कॉलेजांतही चार चार वर्षें राहिलीं होतीं. मग त्यांस वाचतां येत नाहीं हें इतक्या शिक्षकांपैकीं एकाच्याही लक्षांत आलें नसेल काय? आलें असेलच. परंतु मुलगा शनिवारीं सामना जिंकून देत असे, म्हणून सोमवारीं त्याची उत्तरपत्रिका कोणी नीट पाहिली नाहीं. त्याच्या दंडांतील बळ संस्थेनें घेतलें, व त्याच्या मोबदल्यांत जी विद्या त्यास द्यावयाची ती दिली नाहीं. याला कौतुक म्हणतात; आम्ही यास ठकबाजी म्हणतों.

पेज यांनीं या प्रसंगापासून जो धडा घेतला तो प्रथम स्वतःस लाविला. खेळूं लागल्यावर त्यांनीं एकदां कायद्याच्या कॉलेजांत नांव घातलें होतें, पण कांहीं आठवड्यांतच तें सोडून दिलें. पुढें १९७५ सालीं, कीर्ति व वेतन दोनही शिगेस असतां, त्यांनीं मिनेसोटा विद्यापीठांत पुन्हां नांव घातलें, आणि १९७८ सालीं कायद्याची पदवी घेतली. एकदां अर्ध्यावर टाकलेल्या वर्गांत, सारें शहर आपणांस ओळखतें अशा अवस्थेंत, पुन्हां पहिल्या बांकापासून बसावयास जें धैर्य लागतें तें दोनशें पौंडांच्या गड्यावर झेप घेण्याच्या धैर्याहून कमी नाहीं. याच काळांत ते खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधि होते, व मालकांपुढें खेळाडूंचे हक्क मांडीत होते.

त्याच सुमारास त्यांस लांब पल्ल्याचें धांवण्याचा छंद लागला. पत्नी डायन यांनीं धूम्रपान सोडण्यासाठीं धांवण्यास आरंभ केला, तेव्हां सोबत म्हणून पेजही धांवूं लागले. या धांवण्यानें त्यांचें वजन उतरलें. इतक्या हलक्या शरीराचा गडी फळीच्या मध्यभागीं टिकणार नाहीं, असें संघाच्या शिक्षकांस वाटलें, आणि १९७८ च्या हंगामाच्या मध्यावर व्हायकिंग्जनीं त्यांस मोकळें केलें. ज्यास सात वर्षांपूर्वीं देशांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविलें होतें, त्यास शिकागो बेअर्स या संघानें अवघी शंभर डॉलरांची ठराविक फी भरून घेतलें. शिक्षकांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें आम्ही म्हणत नाहीं. संघाचा कारभार पाहणाऱ्यास गतवर्षांच्या उपकारांवर सामने जिंकतां येत नाहींत. आमचा मुद्दा एवढाच कीं, बाजारांत माणसाचें मोल शंभर डॉलरांवर यावयास एक सकाळ पुरते. त्या सकाळीं पेज यांच्या हातांत कायद्याची पदवी होती, म्हणून ते खचले नाहींत. शिकागोकडून ते १९८१ पर्यंत खेळले. १९७९ सालीं त्यांनीं मॅरॅथॉनची शर्यतही पुरी केली, आणि व्यावसायिक फुटबॉल खेळत असतांना ती पुरी करणारे ते पहिलेच खेळाडू ठरले.

खेळत असतांनाच ते वकिली करूं लागले होते, व पुढें मिनेसोटा संस्थानाच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरींत त्यांनीं नोकरी केली. त्या संस्थानांत न्यायाधीश मतदारांकडून निवडले जातात. पेज यांस सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठीं उभें राहावयाचें होतें. परंतु एका न्यायमूर्तींची मुदत वाढविली गेल्यामुळें निवडणूकच टळूं लागली. तेव्हां त्यांनीं त्याच कायद्याचा आश्रय केला व दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूनें लागला, निवडणूक झाली, आणि १९९३ च्या जानेवारींत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयांत पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ति म्हणून ते आसनस्थ झाले. १९९८, २००४ व २०१० या तीनही वेळां लोकांनीं त्यांस पुन्हां निवडून दिलें. सत्तरी गांठल्यावर न्यायाधीशानें पायउतार व्हावें असा तेथील नियम आहे. तदनुसार २०१५ सालीं ते निवृत्त झाले. मैदानावर पंधरा वर्षें व न्यायासनावर बावीस वर्षें असा हा हिशेब आहे. विद्या हें खेळ बुडाल्यावर धरावयाचें फळकूट नसून, मोठा प्रवास तिच्याच नौकेंतून व्हावयाचा असतो, हें या आंकड्यांवरून स्पष्ट होतें.

या चरित्रांतील एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कँटन येथें नामांकित फुटबॉलपटूंचें स्मारकमंदिर १९६३ सालीं उघडलें. तें बांधलें जात असतां तेथील मजुरांत शाळकरी पेजही होते. पंचवीस वर्षांनीं, १९८८ सालीं, त्याच मंदिरांत त्यांच्या मूर्तीची स्थापना झाली. अशा प्रसंगीं गौरवमूर्तीची ओळख जुन्या शिक्षकानें किंवा सोबत्यानें करून द्यावी असा प्रघात आहे. पेज यांनीं मात्र त्या कामासाठीं मिनीआपोलिस येथील एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांस पाचारण केलें, आणि स्वतःच्या भाषणांत पराक्रमापेक्षां मुलांच्या शिक्षणाविषयींच अधिक बोलले. त्याच वर्षीं त्यांनीं व डायन यांनीं कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठीं वेतन देणारा निधि स्थापिला. या निधीची अट मोठी मार्मिक आहे. ज्यास वेतन मिळेल त्यानें दरवर्षीं निदान पन्नास तास आपल्याहून लहान मुलांस अभ्यासांत साहाय्य केलें पाहिजे. धन्यानें प्रवासास जातांना चाकरांच्या स्वाधीन केलेल्या द्रव्याचा दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहे. देणगी पुरून ठेवावयाची नसते, वाढवून परत करावयाची असते, हें तत्त्व या अटींत आम्हांस प्रत्यक्ष चालतेंबोलतें दिसतें.

त्यांच्या संसाराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कारण बाहेर थोर व घरीं खुजा असा मनुष्य आम्ही आदर्श म्हणून मुलांपुढें ठेवीत नाहीं. १९७३ सालीं डायन व ते विवाहबद्ध झाले. त्यांस चार अपत्यें झालीं. गुलामगिरीच्या व त्यानंतरच्या वर्णभेदाच्या काळांतील वस्तु, काळ्यांस वेगळें काढणाऱ्या पाट्यांसुद्धां, उभयतांनीं वर्षानुवर्षें जमविल्या, आणि २०१८ सालीं मिनीआपोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत त्यांचें प्रदर्शन भरविलें. अपमानाच्या खुणा जाळून टाकण्याऐवजीं जपून ठेवून पुढल्या पिढीस दाखविणें हें मोठ्या मनाचें लक्षण होय. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत डायन यांचें निधन झालें, आणि नोव्हेंबरांत पेज यांस राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें स्वातंत्र्यपदक हा तेथील नागरिकाचा श्रेष्ठ सन्मान मिळाला. ज्या बाईनें पंचेचाळीस वर्षें साथ केली ती तो सोहळा पाहावयास नव्हती.

खेळांत पेज यांची करंगळी निखळून कायमची काटकोनांत वांकली आहे. या वांकड्या बोटाकडे मुलें टक लावून पाहतात हें पाहून त्यांनीं, शिक्षिका असलेल्या आपल्या कन्येच्या सहकार्यानें, २०१३ सालीं त्या करंगळीवरच मुलांसाठीं एक गमतीचें पुस्तक लिहिलें. एखादा दुसरा त्या बोटाकडे पाहून मागल्या सामन्यांच्या गप्पा सांगत बसला असता. यांनीं त्याचाही उपयोग मुलांस वाचनाची गोडी लावण्याकडेच केला. मिनीआपोलिसमधील एका शाळेस अलेक्झांडर रॅमसे या जुन्या गव्हर्नराचें नांव होतें. डाकोटा या मूळच्या रहिवाशांस नाहींसें करावें किंवा हांकून लावावें, असें १८६२ सालीं म्हणणारा हा पुरुष. तेथील विद्यार्थ्यांनीं पुढाकार घेऊन खटपट केली, आणि २०१७ सालीं त्या शाळेस न्यायमूर्ति पेज यांचें नांव देण्यांत आलें. शिवाय उत्तम शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क म्हणून मिनेसोटाच्या घटनेंत लिहिला जावा, असा प्रस्ताव पेज यांनीं २०२० सालीं नील काश्कारी यांच्या समवेत मांडला. काश्कारी हे एका मोठ्या सरकारी पेढीचे अध्यक्ष असून त्यांचे आईबाप काश्मिराकडून तिकडे गेलेले आहेत.

आतां कोणी म्हणेल, ‘‘पेज हे असामान्य पुरुष, शंभरांत एकास तरी हें साधेल काय?’’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचा रोख आक्षेपकांवरच उलटतो. असामान्य खेळाडूसही जर विद्येवांचून चाललें नाहीं, तर जिल्ह्याच्या सामन्यांपलीकडे ज्याची मजल जावयाची नाहीं अशा सामान्य मुलाचें तिच्यावांचून कसें चालेल? दुसरा कोणी म्हणेल, ‘‘मग असला धसमुसळा खेळ हवाच कशास?’’ या खेळांत डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनीं मेंदूस कायमची इजा होते, हें २००२ सालीं माइक वेब्स्टर या मृत खेळाडूच्या मेंदूची डॉक्टर बेनेट ओमालू यांनीं तपासणी केल्यापासून जगापुढें आलें आहे. तें झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु त्यावरून मैदानें ओस पाडावीं असें ठरत नाहीं. शरीर हें नाशवंत भांडवल आहे, त्याच्या एकट्याच्या भरंवशावर आयुष्याची दुकानदारी मांडूं नये, एवढेंच त्यावरून ठरतें. पेज यांची चिकाटी, वक्तशीरपणा व पराभवानंतर दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभें राहण्याची शक्ति हीं मैदानावरच कमावलेलीं होतीं. तीं त्यांनीं न्यायालयांत नेलीं. मैदान सोडतांना शिदोरी बरोबर घ्यावी लागते, ती आपोआप येत नाहीं.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतही शालांत परीक्षेंत खेळाडूंस सवलतीचे गुण मिळतात. ही सवलत न्याय्य आहे. ज्या मुलानें शाळेसाठीं उन्हांत घाम गाळला त्याचे बुडालेले तास कोणीतरी भरून दिले पाहिजेत. परंतु गुण भरून दिल्यानें तास भरून निघत नाहींत. सामन्यांहून परतलेल्या मुलाचा बुडालेला धडा त्यास पुन्हां शिकविणें हेंच खरें पारितोषिक, व तें देणें शिक्षकांचें कर्तव्य आहे. शाळेच्या कपाटांत चषक झळकत आहे, आणि तो जिंकून आणणाऱ्या मुलास त्यावर कोरलेलीं अक्षरें धड वाचतां येत नाहींत, असा प्रसंग कोणत्याही शाळेवर येऊं नये. आला तर तो चषक शाळेची शोभा नसून शाळेवरील ऋण होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही खेळा. जीव तोडून खेळा. टाळ्या पडल्या तर त्यांचा आनंद माना. परंतु टाळ्यांचा आवाज थांबल्यावर जी शांतता पसरते तींत तुम्हांस एकट्यांनाच उभें राहावयाचें आहे, हें विसरूं नका. तुमच्या संघांत अभ्यासांत मागें राहिलेला एखादा सोबती असेल, तर त्याचा चेंडू जसा तुम्ही पुढें होऊन घेतां तसाच त्याचा धडाही घ्या. आठवड्यास एक तास त्याच्याजवळ बसा. पालकांनो, मुलाचा चेंडू लपवूं नका, आणि त्याचें पुस्तकही अडगळींत टाकूं नका. आणि आम्हां शिक्षकांनीं, जिंकून आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारण्यासाठीं उचललेला हात खालीं येण्यापूर्वींच, त्याची वही उघडून पाहण्याची संवय लावून घ्यावी.